भाड्यातून हप्ता निघेल का?

दिवाळी आटोपल्यावर गेल्या महिन्यात घनसावंगीकडचे एक गुरुजी माझ्याकडे आले होते. जिल्हा परिषदेची नोकरी, गावाकडे पाच एकर, त्यात सोयाबीन आणि मोसंबीची बाग. छत्रपती संभाजीनगरला देवळाईच्या बाजूला एक टू बीएचके फ्लॅट त्यांनी बघून ठेवलेला. स्वतः राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. पिशवीतून कोटेशनचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "साहेब, बाकी काही नाही, भाड्यातून हप्ता निघंल ना?"

गृहकर्जाच्या फायली तयार करून देणं हे माझं रोजचं काम. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून माणसं येतात आणि दुसरं घर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो कागदावर मांडून बघणारे फार थोडे. एका बाजूला ओळखीतला कोणीतरी सांगत असतो की जागेचे भाव कधी उतरत नाहीत, दुसऱ्या बाजूला साइटवरचा माणूस सांगतो की भाडेकरू आम्हीच देऊ, आणि मधे माणूस सही करून मोकळा होतो. गुरुजींसोबत मी जो हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर मांडला, तोच इथे मांडतो. आकडे त्यांच्या फ्लॅटचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच.

फ्लॅटची किंमत ३२ लाख. बांधून तयार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं, त्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं असतं तर ५ टक्के जीएसटी लागला असता. किंवा घर ४५ लाखांच्या आतलं आणि आपल्याकडच्या शहरांत ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतलं असेल तर १ टक्का. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के धरलं, म्हणजे १ लाख ९२ हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत मिळते, हे मी गुरुजींना लगेच सांगितलं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. वकिलाची फी, बँकेची प्रक्रिया फी, मीटर नावावर करणं, रंग, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, गीझर असे मिळून ७८ हजार. बेरीज झाली ३५ लाख. ३२ लाखांचा फ्लॅट म्हणून माणूस बोलत राहतो, पण खिशाला तो ३५ लाखांना पडतो.

यातले बँक किती देणार? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ही कमाल मर्यादा झाली. भाड्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या घराला बँका बऱ्याचदा हात आखडता घेतात. शिवाय अशा घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत, तो पूर्ण आपल्या खिशातून जातो. गुरुजींना २५ लाख मिळत होते. म्हणजे स्वतःचे १० लाख रोकडे हवेत.

२५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के व्याज. हप्ता येतो २१ हजार ६९६ रुपये. हा आकडा गुरुजींना माहीत होता. माहीत नव्हतं ते त्या हप्त्याच्या पोटात काय असतं ते. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १७ हजार ७०८ रुपये व्याज असतं, मुद्दल फिटतं अवघं ३ हजार ९८८. पहिल्या अख्ख्या वर्षात ते २ लाख ६० हजार भरणार, त्यातले २ लाख १० हजारांहून अधिक व्याजात जाणार, मुद्दल पन्नास हजारही कमी होणार नाही. बँक यात फसवत नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला सगळंच मुद्दल उरलेलं असतं, एवढंच. पण चार-पाच वर्षांनी घर विकायला काढणाऱ्याला खात्याचा उतारा बघून धक्का बसतो तो यामुळेच.

आता भाडं. त्या भागात तशा फ्लॅटला ९ हजार मिळतं, हे गुरुजींनी दोन-तीन बिल्डिंगच्या वॉचमनना विचारून आणलं होतं. माहिती काढायची तर अशीच. विकणाऱ्याला भाडं विचारू नये. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. त्यातून एक महिना रिकामा धरा, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत तेवढे दिवस जातातच: ९ हजार गेले. देखभाल वर्गणी महिना हजार: १२ हजार. मालमत्ता कर ५ हजार. नळ, मोटर, रंगाचा हात: ७ हजार. हातात उरले ७५ हजार, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार.

हप्ता २१ हजार ६९६, हातात येणार ६ हजार २५०. दर महिन्याला १५ हजार ४४६ रुपये गुरुजींना पगारातून घालावे लागणार.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पण जागेचा भाव वाढंल की." वाढेल, कदाचित. किती वाढला तर परवडेल, तेही काढता येतं. पहिल्या वर्षी व्याजापोटी २ लाख १० हजार जाणार. स्वतःचे १० लाख ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले असते तर ७० हजार मिळाले असते, तेही बुडाले. त्यातून भाड्याचे ७५ हजार वजा केले की उरतात साधारण २ लाख ५ हजार. म्हणजे ३२ लाखांच्या फ्लॅटची किंमत पहिल्या वर्षी सुमारे ६.४ टक्क्यांनी वाढली, तर गुरुजी जिथे होते तिथेच राहतील. त्याच्या वर जे वाढेल ती कमाई. आणि आपल्याकडे फ्लॅट जुना होत जातो, लिफ्टचा आवाज यायला लागतो, शेजारी नवी बिल्डिंग उभी राहते. जमिनीचा भाव वाढतो म्हणून त्यावरच्या जुन्या फ्लॅटचा भाव त्याच वेगानं वाढतोच असं नाही.

माझं म्हणणं असं की दुसरं घर घेताना किंमत हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हप्ता आणि भाडं यांच्यातल्या फटीचा. ती फट तुम्ही पाच-सात वर्षं, घरातलं एखादं लग्न, एखादं आजारपण, एखादा कोरडा पावसाळा धरून, कुणापुढे हात न पसरता भरू शकता का? हो असेल तर घ्या. नसेल तर कर्ज कमी करा. हाच फ्लॅट १५ लाख कर्जावर घेतला तर हप्ता १३ हजार १७ येतो आणि फट पावणेसात हजारांवर येते. त्यासाठी वीस लाख हाताशी हवेत, आणि ते जमेपर्यंत थांबायची तयारी हवी.

व्याजदर जागेवर राहत नाही

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला (ज्या व्याजाने ती बँकांना पैसे देते), जोडलेली असतात आणि निदान दर तीन महिन्यांनी दर नव्याने ठरतो. रेपो उतरला की फायदा लवकर पोचतो, चढला की फटकाही तितक्याच लवकर बसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्याआधी ७ टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलेल्या माझ्या कितीतरी ग्राहकांना तेव्हा काही कळलंच नाही, कारण हप्ता तोच राहिला आणि बँकेने मुदत वाढवली. २५ लाखांवर ७ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता १९ हजार ३८२ बसतो. दर ९.५ झाला तर तेवढ्या मुद्दलाचं नुसतं व्याजच महिन्याला १९ हजार ७९२ होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही! थोडं मुद्दल फिटलेलं असलं तरी पंधरा-वीस वर्षांची मुदत कुठल्या कुठे जाते. एका ताईंचं कर्ज निवृत्तीच्या पुढे सहा वर्षं गेलं होतं आणि त्यांना ते दोन वर्षांनी कळलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं करायचं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. हा हक्क वापरा. वर्षातून एकदा बँकेत जाऊन किंवा ॲपवरून उरलेली मुदत बघा. आणि वैयक्तिक नावावरच्या बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही, हे कायम ध्यानात असू द्या. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तरी वर दिलेलं २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं.

इथे शेतकरी कुटुंबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, सोयाबीन वर्षातून एकदा येतं. कापूस आला तरी भाव बघून घरात ठेवावा लागतो. ज्यांच्या घरी नोकरी नाही त्यांना बँका मुळातच अडवून धरतात, कारण शेतीचं उत्पन्न आयकर विवरणात नीट दिसत नाही. मग मुलाच्या किंवा सुनेच्या पगारावर कर्ज उभं राहतं आणि भरायचं शेतीतून असं ठरतं. असं असेल तर पीक विकल्याबरोबर बारा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून द्या आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात कुणाकडेच ठेवू नका. मी बघितलंय, हप्ते थकतात ते पैसे नसतात म्हणून कमी. पैसे असतात तेव्हा ते बियाण्यात, बोअरमध्ये, पाहुण्यांच्या अडचणीत जातात म्हणून जास्त. दोन-तीन हप्ते चुकले की सिबिल स्कोर घसरतो आणि पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या कर्जालाही तोच आडवा येतो.

जिथे भाडं आहे तिथे कर्ज नाही

मराठवाड्यात एक गंमत नव्हे, खरी अडचण आहे. ज्या घरांना बँक हसत कर्ज देते त्यांचं भाडं कमी, आणि ज्यांचं भाडं चांगलं त्यांना बँक दारात उभी करत नाही.

वाळूजकडे बघा. १९८५ च्या सुमारास तिथे बजाज ऑटोचा कारखाना आला, मागे इतर उद्योग आले आणि बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी या भागात कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. गुंठा-दीड गुंठ्यावर खाली मालक, वर आठ-दहा खोल्या. एका खोलीचं भाडं फ्लॅटच्या निम्म्यापेक्षाही कमी, पण अशा दहा खोल्या, आणि बांधकामाचा खर्च फ्लॅटच्या मानाने थोडका. घातलेल्या पैशांच्या मानाने उत्पन्न फ्लॅटपेक्षा कितीतरी बरं. पण यातली पुष्कळ बांधकामं गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटवरची, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या कराच्या उताऱ्यावर चालणारी. लेआउट मंजूर नाही, बांधकाम परवानगी नाही, म्हणून गृहकर्ज नाही. मालक मग सोनं गहाण ठेवून किंवा पतसंस्थेकडून १४-१५ टक्क्यांनी पैसे उचलतो आणि भाड्यातला सगळा रस व्याजात जातो. आता शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीमुळे करमाड-बिडकीन पट्ट्यातही असेच प्लॉट पाडले जाताहेत. तिथे घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, की कंपनी आली, भाव वाढले, एवढ्यावर जाऊ नका. त्या गटाचा लेआउट मंजूर आहे का, आणि कुणी मंजूर केला, हे आधी विचारा.

लातूरचं वेगळं. तिथे कामगारांऐवजी विद्यार्थी. ट्यूशन एरियात राज्यभरातून नीट आणि जेईई या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांची पोरं येतात आणि एका टू बीएचकेत सहा जण राहतात, भाडं डोक्याप्रमाणे. आकडा मोठा दिसतो. पण नीटची परीक्षा मे महिन्यात झाली की खोल्या रिकाम्या होतात आणि नवी बॅच जमेपर्यंत दीड-दोन महिने जातात. म्हणून विद्यार्थ्यांच्या भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा न करता दहा महिन्यांचा करा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर खोल्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या आणि हप्ते मात्र चालू राहिले. बँकांनी त्या वेळी हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं, ते मुद्दलात मिळत गेलं. विद्यार्थ्यांना खोल्या देणं हा धंदा आहे. तिथे रोज कुणीतरी लक्ष द्यायला लागतं. गावाकडे बसून तो चालत नाही.

कागद

माझ्या वडिलांनी १९९६ साली इथल्याच, संभाजीनगरच्या सातारा परिसरात २० बाय ३० चा एक प्लॉट घेतला. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, आता महापालिका आहे. शंभर रुपयांच्या बॉण्डवर लिहून दिलेला व्यवहार, खाली दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. वडिलांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवला होता आणि दर दसऱ्याला पेटी उघडली की तो काढून बघायचे. ते गेल्यावर मी बांधकामाचं मनावर घेतलं तेव्हा कळलं की प्लॉट पाडणाऱ्याने तोच प्लॉट आणखी एकाला बॉण्डवरच दिलेला आहे. त्या माणसाचीही चूक नव्हती, त्यानेही आपले पैसे मोजले होते. शेवटी आम्ही दोघांनी बसून तोड काढली आणि मी थोडे पैसे घेऊन बाजूला झालो. या धंद्यात मी पडलो तो त्याच कागदामुळे.

बॉण्ड म्हणजे मालकी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विकत घेतलेली मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. गुंठेवारीतल्या बांधकामांसाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात नियमित करून घेता येतात. अशी जागा घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला आधी नियमित करून घ्यायला सांगा, प्रमाणपत्र हातात आल्यावर व्यवहार करा. नंतर करू म्हणाला तर तो खर्च आणि ती धावपळ तुमच्या गळ्यात येणार.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे जो पुण्या-मुंबईच्या वकिलाला पटकन सुचत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इनाम जमिनी, देवस्थानच्या जमिनी, वक्फच्या जमिनी, कुळांच्या जमिनी यांचा इतिहास इथे वेगळा आहे आणि त्यांचे कायदेही हैदराबादचे म्हणूनच आजवर चालत आले. त्यामुळे बँक मागते तेवढा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) बँकेला पुरतो, तुम्हाला पुरेलच असं नाही. १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून, म्हणजे त्या जुन्या जमीन-नोंदीपासून, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढून बघायला वकिलाला सांगा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, इतर अधिकारांच्या रकान्यात कूळ, इनाम, सीलिंग असा एखादा शब्द बारीक अक्षरात बसलाय का, हे स्वतः वाचा. चार-पाच हजार रुपये जास्त जातात. त्या एका शब्दावरून ३५ लाखांचं घर विकता न येणं मी डोळ्यांनी बघितलं आहे.

नव्या प्रकल्पात महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडची, नोंदणी बघायची. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंतच किंवा घरं आठपर्यंतच असतील तर ती लागत नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. "वरचे पाच लाख रोख द्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. शिवाय ते पाच लाख कागदावर नसल्याने त्यावर कर्ज मिळत नाही, आणि उद्या घर विकताना तुमचा नफा पाच लाखांनी फुगलेला दिसून त्यावर कर तुम्हीच भरता.

भाडेकरू आला, आता?

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की शिकलेली माणसंही पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळी होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचाही. आणि जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्च किती? एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक, अधिक महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. गुरुजींच्या ९ हजार भाड्याला आणि ३० हजार अनामतीला अकरा महिन्यांसाठी मुद्रांक आणि नोंदणी फी मिळून साडेबाराशेच्या आसपास. घरबसल्या ऑनलाइन होतो. या साडेबाराशेत तुम्हाला कलम २४ चं संरक्षण मिळतं. मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तो राहील तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

चावी देताना मी लोकांना एक सवय लावतो. विजेच्या मीटरचा आकडा, प्रत्येक नळ, कमोड, किचनचा ओटा, बाल्कनीचा दरवाजा यांचे फोटो भाडेकरूसमोर काढा आणि त्याच्याच व्हॉट्सॲपवर टाका. मीटर तुमच्या नावावर असतो, त्यामुळे भाडेकरू बिल न भरता गेला तर थकबाकी तुमच्या नावावर राहते. अनामत परत करायच्या दिवशी त्याच फोटोंसोबत घर फिरून बघा. भांडणाला जागाच उरत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची राहू देऊ नका. गृहनिर्माण संस्था असेल तर भाड्याने दिल्याबद्दल ना-वापर शुल्क लागतं, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

आणि पाणी. बाकी सगळं नीट असलं तरी मराठवाड्यात भाडेकरू टिकतो किंवा जातो तो पाण्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. संभाजीनगरात जायकवाडी एवढ्या जवळ असूनही नळाला रोज पाणी येत नाही. घर बघायला येणारी बाई हॉल बघत नाही, आधी विचारते, "पाणी किती दिवसांनी येतं? उन्हाळ्यात बोअर चालतो का?" दिवाळीत बघितलेला फ्लॅट दिवाळीत चांगलाच दिसतो, बोअर भरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये जा. भर दुपारी जा. खालच्या टाकीचं झाकण उघडून बघा, वॉचमनला विचारा की दिवसाला किती टँकर येतात आणि त्याचे पैसे फ्लॅटमागे किती पडतात. ते पैसे भाडेकरूच्या माथी मारले तर तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातो, स्वतः भरले तर वरच्या हिशेबातले ७५ हजार साठावर येतात.

कराबद्दल थोडक्यात. भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची पावती असो वा नसो. कर्जाचं व्याजही वजा होतं. "टॅक्स वाचतो म्हणून घ्या" हे वाक्य मात्र जुन्या कर पद्धतीच्या काळातलं. जुन्या पद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा करता येतो. नवीन कर पद्धतीत, जी आता आपोआप लागू होते, व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं, पगाराला हात लागत नाही. विकताना घर दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते.

कर्ज फिटलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि मूळ कागद बँकेतच राहतात. डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा काढून द्यायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. सातबाऱ्यावर किंवा पीआर कार्डावर (शहरातल्या जागेच्या मालकीपत्रकावर) बँकेचा बोजा तसाच राहिलाय का, ते बघून घ्या. वारसांना पुढे तोच आडवा येतो.

गुरुजी जाताना त्यांनी मला तो पाठकोरा कागद मागितला. घरी मंडळींना दाखवतो म्हणाले. चार दिवसांनी फोन आला, १५ लाखांच्या कर्जाचा आणि फ्लॅट फक्त त्यांच्या मिसेसच्या नावावर घेतल्याचा हिशेब पुन्हा करून द्या म्हणून. करून दिला. इसारपावती अजून झालेली नाही. मोसंबीच्या मृग बहाराचे पैसे मार्च-एप्रिलपर्यंत हातात येतील, त्यानंतर मे महिन्यात ते दोघं फ्लॅट पुन्हा बघायला येणार आहेत, दुपारी दोन वाजता, बोअर चालू करून.